रात्रीचा भात, सकाळची फोडणी

मसालेभाताला लग्नाची पंगत आहे, नारळीभाताला श्रावणातली पौर्णिमा आहे, वडाभाताला नागपूरकरांचा अभिमान आहे. फोडणीच्या भाताला यातलं काहीच नाही. फोडणीचा भात खायला या, असं आमंत्रण कोणी कोणाला देत नाही. सकाळी अवचित पाहुणा दारात उभा राहिला, तर कढईवर झाकण पडतं आणि आधी पोहे भिजवले जातात. तरीही रायपूरच्या मराठी घरांत शाळेच्या डब्यात, कचेरीच्या डब्यात आणि नऊच्या सुमारास ओट्याशी उभ्यानेच खाल्ल्या जाणाऱ्या बशीत जे असतं, ते बहुतेक वेळा हेच. अशा पदार्थावर पुस्तक कशाला, असं काहींनी विचारलं. त्याचं उत्तर द्यायला ही प्रस्तावना जरा लांबवावी लागते आहे.

उरलेल्या भाताचं कौतुक करायची एक ठरलेली तऱ्हा आहे. काटकसर, सदुपयोग, टाकाऊतून टिकाऊ, अन्न हे पूर्णब्रह्म वगैरे. मला ती पटत नाही. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की भात चुकून उरला आणि मग कोणीतरी हुशारीने तो मार्गी लावला. या पुस्तकातल्या बायकांशी बोलताना तसं काही आढळत नाही. रात्री चौघांना दोन वाट्या तांदूळ पुरतो, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे, आणि तरी तिसऱ्यांदा हात डब्यात जातोच. "असू दे गं, सकाळी फोडणीला होईल." हे वाक्य तांदूळ धुताना म्हटलं जातं, जेवणं झाल्यावर नव्हे. म्हणजे सकाळच्या पदार्थाची पहिली पायरी रात्री आठला होऊन गेलेली असते. म्हणूनच इथल्या बऱ्याच कृती 'रात्री' या शब्दाने सुरू होतात. संपादनात तो खोडावा अशी सूचना आली होती, पण तो ठेवला आहे.

रायपूरचा मराठी माणूस मुळात इतका भातखाऊ नव्हता. तो ज्या भागांतून आला, तिथे, कोकण सोडलं तर, भाकरी आणि पोळीचं राज्य. आला तोही एकदम नाही. १७४१ मध्ये भास्करपंत नागपूरकर भोसल्यांचं सैन्य घेऊन रतनपूरवर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्यामागे कारकून, पुजारी, वैद्य, सावकार आले. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं, तशी ही मंडळीही इकडे सरकली. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, तरी नागपूरशी नातं तुटलं नाही, कारण १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. शिकायला नागपूर, कोर्टकचेरीला नागपूर, मुलगी द्यायला नागपूर. रेल्वेने आणखी काही कुटुंबं आणली आणि १९५९ मध्ये भिलाईची भट्टी पेटल्यावर आणखी काही. माधवराव सप्रे याच वस्तीतले. जन्म दमोह जिल्ह्यातला, आडनाव कोकणातलं, आणि १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं ते हिंदीत. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारा हा माणूस १९२६ मध्ये रायपुरातच वारला. त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांचं नाव आज शहरातल्या लाखेनगरला आहे. तात्यापारा, बुढापारा आणि नंतर चौबे कॉलनी अशी मराठी घरं पसरत गेली. १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आजही चौबे कॉलनीत आहे.

भाषा टिकली, गणपती टिकला, पुरणपोळी टिकली; ताटातली भाकरी मात्र पहिल्या एक-दोन पिढ्यांतच मागे पडली. त्याला इलाज नव्हता. छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात ते जाहिरातीसाठी नव्हे. खरिपात रायपूरच्या बाहेर कुठल्याही दिशेने निघा, नजर पोहोचेल तिथवर धान आणि त्याचे बांध. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत. त्यातला मोठा वाटा डॉ. आर. एच. रिछारियांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून जमवलेल्या वाणांचा. अशा मुलखात ज्वारी शोधत फिरणं म्हणजे हट्टच. मराठी बायकांनी तो केला नाही. दुपारी पोळी आणि रात्री भात अशी वाटणी झाली, आणि रात्री भात आला म्हणजे सकाळी उरलेला भातही आला.

तांदूळ कोणता, यावर पुस्तक करताना सगळ्यांत जास्त वाद झाले. दुबराज सुगंधी. नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तो वरणासोबत पहिल्या वाफेचा खावा. रात्रभर ठेवून फोडणीला टाकणं म्हणजे त्याचा अपमान, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू एचएमटीची. इथे एक गंमत आहे. रायपूरच्या किराणा दुकानात सर्रास मिळणारा हा तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, पुढची काही वर्षं निवडत निवडत वाढवल्या, आणि त्या काळात गाजत असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव त्या तांदळाला मिळालं. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचा तांदूळ राज्याची हद्द ओलांडून इथल्या मराठी कढईत रोज पडतो आणि खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो गाववाला आहे हे माहीत असतं. बारीक, मोकळा, फार चिकट न होणारा. फोडणीला याच्याइतका सरळ तांदूळ नाही, असं माझं मत.

फक्त तो जुना हवा. दिवाळीच्या आसपास नवा तांदूळ बाजारात येतो आणि घराघरांत कुरकुर सुरू होते, कारण नवा तांदूळ पाणी सोडतो, गिच्च होतो आणि परतायला गेलं की कढईला चिकटतो. वर्षभर मुरलेला तांदूळ मोकळा शिजतो. इथल्या गिरण्यांतून 'अरवा' आणि 'उसना' असे दोन प्रकार निघतात. उसना म्हणजे धान उकडून, वाळवून मग भरडलेला. आपल्या कोकणातला उकडा तोच. याचा भात जाडसर, पण दुसऱ्या दिवशी दाणा अभंग राहतो. मराठी घरांत उसन्याला फार मान नाही. बासी करणाऱ्यांत आहे.

बासीशिवाय या पुस्तकाला अर्थ नाही, कारण रात्रीच्या भाताचं काय करायचं या प्रश्नाला छत्तीसगडचं स्वतःचं उत्तर आहे, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. आपण भातावर तेल घालतो, ते पाणी घालतात. रात्री उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी तो किंचित आंबूस झालेला असतो, ती बासी. त्याच दिवशीचा भात काही तास पाण्यात ठेवून खाल्ला तर ते बोरे. काशाच्या बटकीत बासी, वर मीठ, हाताने फोडलेला कांदा, पताल म्हणजे टोमॅटोची चटणी, एखादी पालेभाजी, असेल तर बिजौरी, म्हणजे वाळवणातली वडी. पेजेसारखं पाणी आधी पिऊन टाकायचं की शेवटी, यावरही मतं आहेत. सकाळची वेळ सांगायलासुद्धा खेड्यात 'बासी खायची बेरा' असं म्हणतात. ओडिशात हाच पखाळ, बंगालात पांता, तमिळनाडूत पळैय सोरु. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'मास्टरशेफ'च्या अंतिम फेरीत किश्वर चौधरींनी पांताभात मांडला तेव्हा जगाला त्याचं नवल वाटलं. रायपुरात ते नवल एक वर्ष उशिरा आणि सरकारी थाटात आलं. १ मे २०२२ ला, कामगार दिनी, मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या आवाहनावरून मंत्र्यांपासून कलेक्टरांपर्यंत सगळ्यांनी बोरे-बासी खाऊन फोटो काढले. एरवी सकाळी इडली खाणाऱ्यांचे बटकीसह हसरे चेहरे पाहून जरा करमणूक झाली हे खरं, पण त्या दिवसानंतर शहरातली काही मुलं बासी खातो असं सांगायला लाजेनाशी झाली, हेही खरं.

मराठी घरांनी बासी घेतली का? घेतली, पण चोरून आणि उन्हाळ्यापुरती. नवतप्याच्या दिवसांत पारा ४४-४५ च्या पुढे जातो, तेव्हा फोडणीचा धूर कोणालाच नको असतो. मग त्याच भातात ताक, मीठ, जिरं, ठेचलेलं आलं आणि वरून हिंग-मोहरीची थंड केलेली फोडणी. या ताकभाताला घरातल्या म्हाताऱ्या बासी म्हणू देत नाहीत. पुस्तकात तो 'उन्हाळी भात' या नावाने आला आहे. भांडण नको म्हणून.

ही जी पाण्याची आणि तेलाची दोन उत्तरं, त्यांच्यामागे एकच गोष्ट आहे. शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. गार होऊ लागला की त्यातल्या अमायलोजच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींशेजारी रांगेत बसतात, दाणा आवळला जातो, बाहेरची ओल उडून जाते. फ्रिजच्या थंडाव्यात हे आणखी झपाट्याने होतं. त्यामुळे रात्रीचा भात सकाळी कडक लागतो आणि त्याच कारणाने तो परतायला उत्तम. ताजा भात कढईत टाकला तर त्याच्या अंगची वाफ तेलाला तापूच देत नाही. दाणे मोडतात, लगदा होतो. चिनी स्वयंपाकीही फ्राइड राइससाठी आदल्या दिवशीचाच भात पसंत करतात. इंडोनेशियातली नासी गोरेंग आणि आपला फोडणीचा भात यांच्यात सोयासॉस आणि हळद एवढाच फरक, असं म्हटलं तर दोन्हीकडचे लोक रागावतील. पण दाण्याचं गणित एकच.

धोकाही या भातातच बसलेला असतो आणि तो सांगितल्याशिवाय हे पुस्तक कोणाच्या हातात देऊ नये. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवून मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष इतकं चिवट की पुन्हा कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या चिनी खानावळींत फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याच्या घटनांतून हे प्रकरण उजेडात आलं. म्हणजे 'फोडणी दिली की काही होत नाही' हा आपला लाडका समज निखालस खोटा आहे. रायपूरच्या मे महिन्यात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर तिशीच्या खाली उतरत नाही. तिथे कुकरचा भात कुकरमध्येच झाकून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवणं म्हणजे त्या जंतूंना पाहुणचार. जेवणं झाली की भात परातीत पातळ पसरायचा, वाफ निघून गेली की उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. शिजल्यापासून हे सगळं दोन तासांच्या आत, आणि खायचा तो दुसऱ्याच दिवशी. बुरशीचा वास, चिकट तार, कसलीही शंका, की सरळ फेकून द्यायचा. तिथे अन्नपूर्णा आड येऊ द्यायची नाही. बासीचा भात उघड्यावर टिकतो तो पाण्यात दुधाचं दही करणाऱ्या जातीचे जंतू वाढून आंबटपणा येतो म्हणून. तरी भांडं आणि पाणी स्वच्छ हवंच.

आता एक अवघड गोष्ट. फोडणीचा भात घरादारासाठी होतो असं आपण म्हणतो, पण तो कोणाच्या वाट्याला यायचा ते पाहिलं तर चित्र तेवढं गोड नाही. जुन्या घरांत मुलांना पोहे, पुरुषांना ताजी पोळी आणि रात्रीचा भात सुनेला. भात फारच उरला तर तो धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या डब्यात जायचा, आणि त्यातून आपण उदार झालो असं वाटायचं. ती बाई पहाटे घरून बासी खाऊन आलेली असायची. दारात पाऊल टाकताच ती "का साग रांधे हस?" म्हणून आज भाजी काय केली ते विचारायची, कारण छत्तीसगडीत ती ख्यालीखुशाली आहे, आणि मालकीणबाईंना ते मागणं वाटायचं. या पुस्तकातल्या काही कृती अशा बायकांकडून आलेल्या आहेत. त्यांनी नाव घालायला नको म्हटलं, म्हणून नाव नाही. आजच्या घरांत चित्र बदललं आहे. फोडणीचा भात आता मुलंच हक्काने मागतात, आणि शनिवारी सकाळी तो बाबा करतात असंही दिसतं. बाबांच्या कढईत लसूण जास्त पडतो आणि ओटा पुसायचा राहतो.

मुलांनी मागायला लागल्यापासून भाताचा रंगही बदलला. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात, तिथल्या कढईच्या खडखडाटाने मुलांच्या जिभेला वेगळीच सवय लावली. घरात कोबी, गाजर, सिमला मिरची, सोयासॉस, व्हिनेगर आलं. आजी हळदीशिवाय भात पिवळा नाही म्हणून नाक मुरडते आणि दोन घास जास्त खाते. या पुस्तकात दोन्ही आहेत, शेजारीशेजारी. शुद्ध-अशुद्धाचा वाद घालण्यात मला रस नाही. फक्त एक सांगतो: घरच्या गॅसची आच गाडीवरच्या भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून एका वेळी दोघांपुरताच भात कढईत घ्यावा. सगळा एकदम लोटला की तो परतला जात नाही, नुसता गरम होतो.

आपल्या पद्धतीचा भात एकदा नीट पाहू. फ्रिजमधून काढलेला भात ढेकळांनी बाहेर येतो. तो झाऱ्याने मोडायचा नाही. बोटांना तेलाचा हात लावून ढेकूळ तळहातावर घ्यायचं आणि अंगठ्याने हलकं दाबायचं. दाणे आपोआप सुटे होतात. लोखंडी कढईत तेल चांगलं तापलं की आधी शेंगदाणे, ते खमंग झाले की बाजूला काढून ठेवायचे, नाहीतर शेवटी काळे पडतात. मग मोहरी, ती तडतडून शांत झाली की जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. कांदा पारदर्शक झाला की पुरे, तांबूस नको. हळद भाताच्या अगदी आधी, कारण तापल्या तेलात ती दहा-वीस श्वासांत करपते. भात पडला की दोन मिनिटं हात लावायचा नाही. खालचा थर किंचित कुरकुरीत झाला की तो उलथन्याने खरवडून वर आणायचा आणि पुन्हा थांबायचं. नागपूरकडच्या घरांत इथे तिखट आणि लसूण पडतो. कोकणाशी नातं सांगणारी घरं चिमूटभर साखर आणि ओलं खोबरं घालतात. रायपूरने यात भर घातली ती तळून चुरलेल्या रखिया बडीची. कोहळ्याची आणि उडदाची ही वाळवलेली वडी भातावर पसरली की दाताखाली जे येतं, ते महाराष्ट्रात राहणाऱ्या नातेवाइकांना कुरियरने मागवावं लागतं.

दुसऱ्या भागात जे पदार्थ आहेत ते फोडणीचे नाहीत, पण उरलेल्या भाताशिवाय होत नाहीत. तांदळाच्या पिठात रात्रीचा भात मळून पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली जाडजूड अंगाकर रोटी. त्याच मिश्रणाच्या बोटाएवढ्या वळकट्या उकडून तीळ-मोहरीच्या फोडणीत परतलेले फरे. आणि मुठीत दाबून केलेला मुठिया. भात पिठात घातला की रोटी कोरडी पडत नाही, ही युक्ती मराठी घरांनी इथेच उचलली आणि आता थालीपीठाच्या भाजणीतही भात मळला जातो. ते थालीपीठ पुण्याच्या चुलत जावेला खाऊ घालून पाहावं, असा एका घरचा खास आग्रह आहे.

कृतींत प्रमाण फारसं सापडणार नाही. भात किती, या प्रश्नाला सगळीकडून 'जेवढा असेल तेवढा' हेच उत्तर आलं, आणि खोटी वाटी-चमचे घालण्यापेक्षा ते तसंच छापलं. मिठापुरतं मात्र सांगायला हवं. आपला भात अळणी शिजतो, त्यामुळे परतताना वरून भुरभुरलेलं मीठ एका घासाला खारट आणि पुढच्याला अळणी लागतं. पाव वाटी पाण्यात मीठ विरघळवून तो हबका भातावर मारावा आणि लगेच झाकण ठेवून एक वाफ आणावी. दाण्यादाण्याला मीठ लागतं आणि फ्रिजमधला कडकपणाही उतरतो. लिंबू गॅस बंद केल्यावर.